ना बाजूनं, ना विरोधात

ओडेट पेलेरिनला कुठल्याही भांडणात बाजू घ्यायला सांगा, ती उठून तुमच्यासाठी काहीतरी खायला आणेल. आमच्या बॅरेट्स फॉल्समध्ये कागदगिरणीचा मोठा संप झाला, तेव्हा तिचा नवरा संपात होता आणि सख्खा भाऊ संप फोडून कामावर जात होता. गावात लोक एकमेकांच्या गाड्यांच्या काचा फोडत होते. ही बाई दोघांनाही जेवायला वाढायची, नवऱ्याला पुढच्या दारानं आणि भावाला मागच्या. पुढे नवरा गेला, गिरणी बंद पडली, भाऊ फ्लोरिडाला निघून गेला, तरी संपात कोणाचं चुकलं हे तिनं आजपर्यंत सांगितलेलं नाही.

मला याचा राग यायचा. मी ग्वेन. माझं केस कापायचं दुकान तिच्या घराला लागून आहे आणि तिचे केस गेली कित्येक वर्षं माझ्याच हातात आहेत. माझ्या खुर्चीत बसलेलं माणूस साधारणपणे तोंड उघडतं. गावातली निम्मी लग्नं का मोडली हे मला पाद्र्याच्या आधी कळतं. ओडेट मात्र आरशात बघून म्हणायची, "दोघांचंही काहीतरी असेल गं." मी कात्री बाजूला ठेवून एकदा विचारलंही होतं, "देवानं तुला पाठीचा कणा दिलाय की नुसते मणके ओवलेत?" ती हसली आणि दुसऱ्या दिवशी मला डुकराचा खिमा भरून भाजलेला मीट-पाय आणून दिला.

तीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करतेय. गावातल्या प्रत्येक पोराला तिनं कधी ना कधी ताट भरून दिलंय आणि "भाजी टाकू नकोस" म्हणून दटावलंय. आपल्या पोटच्या पोरीला मात्र तिला कधी दटावता आलं नाही.

ती पोरगी म्हणजे रेनी. बुटांच्या कारखान्यात कामाला असताना तिची पाठ धरली. डॉक्टरनं दुखणं मारणाऱ्या, चटक लावणाऱ्या गोळ्या दिल्या. मग डॉक्टरनं गोळ्या देणं थांबवलं आणि रेनीनं घेणं थांबवलं नाही. एका थंडीत किराणा दुकानाबाहेर गाडीत ती स्टिअरिंगवर डोकं टेकून पडलेली सापडली आणि मागच्या सीटवर तिची छोटी कोलेट एकटीच गाणं म्हणत बसलेली होती. गाडीचा हीटर कधीच बंद झाला होता. पोलीस आले, प्रकरण कोर्टात गेलं आणि कोलेट आजीकडे आली. कोलेट तिला मेमे म्हणते, आमच्याकडच्या फ्रेंच घरांत आजीला तसंच म्हणतात.

ते कोर्ट जज मेरिलचं. कॉन्स्टन्स मेरिल, उंच, पांढऱ्या केसांची, चेहऱ्यावरची रेघ न हलवणारी बाई. काही महिन्यांनी रेनी सुधारली, मुलगी परत मागायला कोर्टात गेली आणि जजनं नाही म्हटलं. रेनीला एवढंच कळलं की तिचं काही न ऐकताच जजनं निकाल दिला. त्या रागावरच ती पुढं खरोखरीची सुधारली. "त्या बाईला दाखवून देईन" म्हणत तिनं गोळ्या सोडल्या, बेकरीत पहाटेची पाळी धरली, बुधवारी आणि रविवारी आईच्या घरी येऊन कोलेटला भेटायला लागली. दोन वर्षं झाली होती. ओडेटच्या स्वयंपाकघरात पुन्हा तीन माणसांचा आवाज यायला लागला होता आणि भिंतीपलीकडे मला तो ऐकू यायचा. मला बरं वाटायचं.

आणि मग जज मेरिलची सात वर्षं भरली.

अमेरिकेच्या या टोकाला, आमच्या मेन राज्यात, जजला सात वर्षांनी पुन्हा नेमावं लागतं. गव्हर्नर नाव सुचवतो, पण तेवढ्यानं भागत नाही. राजधानीत, ऑगस्टाला, विधानभवनात आमदारांची एक समिती बसते, उघड सुनावणी घेते, कुणीही जाऊन बोलू शकतं. मग समिती मत देते आणि सेनेट त्यावर शिक्का मारते. समितीनं नाही म्हटलं तर सेनेटला ते उलटवायला दोन तृतीयांश माणसं लागतात, आणि एवढी माणसं तिथं कशावरच एक होत नाहीत. म्हणजे खरं काय ते समितीच्या खोलीतच ठरतं. एरवी ही सुनावणी फार मिळमिळीत असते. चार वकील येऊन कौतुक करतात, जज आपल्या नवऱ्याची ओळख करून देते, सगळे घरी जातात. या खेपेला मात्र ज्यांची मुलं त्या कोर्टातून गेली असे आईबाप एकत्र आले होते आणि रेनी त्यांच्यात पुढं होती.

रेनीच्या गाडीचा हीटर तेव्हाही बंदच होता, म्हणून आम्ही माझ्या गाडीनं निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग, आभाळ पत्र्यासारखं. रेनी माझ्या शेजारी, मांडीवर आपलं भाषण. ओडेट मागं, मांडीवर काकवीच्या बिस्किटांचा डबा.

"मा, तूही बोलशील ना?" रेनी मागं वळून म्हणाली. "आजी बोलली की त्यांना गप्प बसावं लागेल. मी काय, माझ्याकडे ते गोळ्या खाणारी म्हणूनच बघणार."

"बघू गं," ओडेट म्हणाली.

"पेलेरिनांच्या भाषेत बघू म्हणजे कधीच नाही," मी म्हणाले.

"ग्वेन, तू गाडी चालव."

"चालवतेच आहे. तोंडानं नाही चालवत."

रेनी हसली. तिला असं हसताना बघून माझ्या मनात आलं की आज काही झालं तरी या पोरीला इजा व्हायला नको. पेट्रोल पंपावर ती कॉफी आणायला उतरली. दार लागलं आणि ओडेटनं मागून माझा खांदा धरला. असा धरला की मला वाटलं हिला काहीतरी होतंय.

"जजनं नाही म्हटलं नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी. जज मेरिल कोलेटला परत द्यायची तारीख सांगणार होती. रेनी कोर्टात वर आलीच नाही. मी खिडकीतून खाली बघितलं तर तिची गाडी उभी होती आणि ती आत बसून होती. तिच्या वकिलालाही ती कुठंय ते माहीत नव्हतं, तो फोन लावायला बाहेर गेला होता. मग मी उठले आणि म्हणाले, आत्ता देऊ नका. अजून थांबा."

मी आरशातून तिच्याकडे बघत राहिले.

"जज म्हणाली, हे तुमच्या मुलीला एक दिवस तुमच्या तोंडून कळायला हवं, पण आज नको. आदेशात मी माझी कारणं लिहीन. तिला कुणावर तरी चिडायचंच असेल तर माझ्यावर चिडू दे, तुम्हाला तिच्यासाठी दार उघडं ठेवायचंय."

"आणि तू मला हे आत्ता सांगतेस? माझ्या खुर्चीत इतकी वर्षं मान टेकून बसलीस आणि पेट्रोल पंपावर सांगतेस?"

"तुला सांगितलं असतं तर गावाला सांगितल्यासारखं झालं असतं."

पंपावरच्या दुकानाच्या काचेतून रेनी तीन कप सांभाळत येताना दिसत होती.

"मग आज काय करणारेस?"

"सांगितलं तर रेनी जाईल," ओडेट म्हणाली. "पुन्हा गोळ्यांकडे गेली तर मी काय करू? आणि नाही सांगितलं तर ती बाई जाईल. माझ्यामुळं जाईल."

दार उघडलं. रेनीनं कप हातात दिले. "तुझी बिनसाखरेची, मा," ती म्हणाली. पुढचा सगळा रस्ता मी रेडिओ लावून ठेवला, कारण मला स्वतःच्या तोंडाचा भरवसा नव्हता.

समितीच्या खोलीबाहेर टेबलावर तीन कागद ठेवलेले असतात. बाजूनं बोलणार असाल तर पहिल्यावर नाव लिहायचं, विरोधात असाल तर दुसऱ्यावर, आणि तिसरा ना बाजूनं, ना विरोधात. अध्यक्ष याच क्रमानं बोलावतात. रेनीनं दुसऱ्या कागदावर नाव लिहिलं आणि ती आत गेली. ओडेट टेबलापाशी थांबली आणि तिनं तिसऱ्यावर लिहिलं.

मी तिला बाजूला ओढलं. केशकर्तनाच्या परवान्याचा कायदा आला होता तेव्हा मी इथं येऊन बोलले होते, मला इथले रिवाज थोडे ठाऊक आहेत. "अगं, ही रांग म्हणजे भिडस्त विरोधकांची. ज्यांना विरोध करायचाय पण वाईट दिसायचं नाही, ते इथं लिहितात. सगळ्या आमदारांना ते माहितीये. तू तिसऱ्या रांगेतून उभी राहिलीस की त्या जजच्या शवपेटीला आणखी एक खिळा."

"तिथं लिहिलंय, ना बाजूनं, ना विरोधात," ती म्हणाली. "मी तशीच आहे."

"लिहिलेलं असतं एक, अर्थ असतो दुसरा."

"मग त्यांनी तसं लिहायचं."

एवढं बोलून ती आत गेली. आमच्या लोकांची ही खोड आहे. कुणाला दुखवायचं नाही म्हणून मधली जागा शोधायची, आणि ती जागा बाकीच्यांनी आधीच कशासाठी तरी वापरून ठेवलेली असते.

खोलीत घोड्याच्या नालाच्या आकाराचं टेबल, त्यामागं आमदार, समोर साक्षीदाराची एकच खुर्ची. अध्यक्ष सेनेटर टिबेट्स, किनाऱ्याकडचा माणूस, आवाज घोगरा आणि शिस्तीचा कडक. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये चकार शब्द नाही, टाळ्या नाहीत, हुंकार नाहीत. जज मेरिल पहिल्या रांगेत कडेला बसली होती, हात मांडीवर जोडून. तिनं ओडेटला पाहिलं असणार, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

पहिली रांग लवकर संपली. वकील आले, निःपक्षपाती, अभ्यासू, संयमी वगैरे म्हणून गेले. एक म्हातारा वकील तर इतका गोड बोलला की मलाच जजबद्दल शंका यायला लागली.

मग दुसरी रांग. एक बाप बोलला, एक आई बोलली, दोघांच्याही बोलण्यात राग जास्त आणि मुद्दा कमी होता. आमदार अधूनमधून घड्याळाकडे बघत होते. मग रेनी उठली. सगळे म्हणतात तसं सुरुवातीला तिनंही म्हटलं, सेनेटर टिबेट्स आणि समितीचे सन्माननीय सदस्य. मग तिनं भाषण घडी करून खिशात घातलं आणि न वाचताच बोलायला लागली.

"मी गोळ्या घेत होते. हे मी लपवत नाही. माझी मुलगी माझ्यापासून घेतली तेव्हा ते बरोबरच होतं. पण नंतर मी सुधारले आणि मुलगी मागायला आले, तेव्हा या बाईंनी मला एक प्रश्नही विचारला नाही. मी त्या खोलीत नव्हते म्हणून माझं काही नाहीच असं धरलं. माणूस खोलीत नसलं तर त्याला कुणीतरी शोधायला नको का? दोन वर्षं झाली. माझी मुलगी आता मला सांगते की आई, तू पाहुणी आहेस ना, मग तू बस, मेमे वाढेल."

उत्तरेकडची एक आमदारबाई चष्मा काढून पुसायला लागली. मीही रुमाल शोधायला लागले, आणि मला तर खरं काय ते माहीत होतं. माझ्या शेजारी ओडेट डब्याच्या झाकणावर दोन्ही हात दाबून बसली होती.

त्या आमदारबाईनं जजला विचारलं की यावर काही सांगायचंय का. जज मेरिल उभी राहिली. "मुलांच्या प्रकरणांबद्दल मला बोलता येत नाही," ती म्हणाली. "माझ्याबद्दल जे म्हटलं गेलं ते मी ऐकलंय." आणि बसली. बस, एवढंच. ते खरं होतं आणि ते फार वाईट दिसलं. टेबलापलीकडे दोघं एकमेकांच्या कानाला लागले. एकानं आपली मान अगदी हळू हलवली. मी वर्षानुवर्षं आरशात माणसांचे चेहरे वाचत आलेय. मत फिरत होतं.

"ना बाजूनं, ना विरोधात कुणी आहे?" सेनेटर टिबेट्सनी विचारलं.

ओडेट हलली नाही.

एक आमदार कागद आवरायला लागला. सेनेटर टिबेट्सनी हातोडी उचलली. मी तिला कोपरानं ढोसलं आणि तेव्हाच मला वाटलं की कदाचित मी चूक करतेय, ती बसूनच राहिली तर संध्याकाळी तिच्या घरात पुन्हा तीन आवाज असतील. पण ती उठली. डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि खुर्चीकडे गेली. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या वकिलानं कागदावर तिसऱ्या रांगेतलं नाव बघितलं आणि त्याचे खांदे पडले. रेनीचा चेहरा मात्र उजळला.

"सेनेटर टिबेट्स आणि समितीचे सन्माननीय सदस्य," ती म्हणाली. आवाज शाळेत वाढताना असतो तसाच होता, जरा मोठा आणि सपाट. "मी ओडेट पेलेरिन. मघाशी बोलली ती माझी मुलगी. त्या दिवशी मी कोर्टात होते. त्या दिवशी जजनी..."

"बाई, जरा थांबा," अध्यक्ष म्हणाले. "ही प्रकरणं गोपनीय असतात. मुलाचं नाव, आदेशात काय होतं, कोर्टात कोण काय म्हणालं, हे आपण इथं सांगू नका."

ओडेटचं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं, संपलं. देवानंच मधली जागा काढून दिली, आता ही मुकाट्यानं परत येईल आणि कुणी तिला दोष देणार नाही.

"मी काय केलं ते सांगू शकते का?" तिनं विचारलं.

अध्यक्षांनी शेजारी बसलेल्या समितीच्या वकिलाकडे पाहिलं. वकिलानं खांदे उडवले. "आपण स्वतः काय केलंत तेवढं सांगा."

"मग मी माझंच सांगते. त्या दिवशी मी खिडकीतून खाली बघितलं. एक गाडी उभी होती. मला ती गाडी ओळखीची होती. मी खाली गेले नाही. मी जाऊन काचेवर टकटक करायला हवी होती, पण मी गेले नाही, कारण मला भीती वाटली की आत काय दिसेल. मग मी उठले आणि म्हणाले, आत्ता देऊ नका. मी म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं. द्यायचं ठरलं होतं आणि मी नको म्हणाले."

मध्ये बोलायची मनाई होती, आणि रेनीला ते माहीत होतं. ती दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरून बसली होती.

"नंतर मला असं सुचवलं गेलं की राग दुसऱ्या कुणावर येऊ दे," ओडेट पुढं म्हणाली. "मी येऊ दिला. मला फार बरं वाटलं. रविवारी ती जेवायला यायची आणि दुसऱ्या कुणाला तरी शिव्या द्यायची, मी बटाटे वाढायचे. मला वाटायचं, चाललंय तसं चालू दे. आज माझ्या लक्षात आलं की तो राग कुणाला तरी फेडावा लागणार आहे. बस, झालं माझं."

तिनं उठायला हात टेकले.

"एक प्रश्न," चष्मावाली आमदारबाई म्हणाली. "पेलेरिनबाई, आपण तिसऱ्या रांगेत नाव दिलंय. जे सांगितलंत त्यावरून आपण पहिल्या रांगेत असायला हव्या होतात. मग आपण बाजूनं आहात की विरोधात?"

ओडेट मागं वळली, रेनीकडे.

"कृपया समितीकडे बघून बोला," अध्यक्ष म्हणाले, पण या वेळी हळू.

"जजच्या बाजूनंच मी असायला हवी," ओडेट म्हणाली. "पण मी त्या रांगेत उभी राहिले असते तर समोरच्या रांगेत माझी मुलगी असती. मी एकदा तिच्या पाठीमागं तिच्याविरुद्ध बोललेय. तिच्या तोंडावर तिच्याविरुद्ध उभी राहणार नाही. म्हणून मी तिथं नाव लिहिलं. त्या कागदाचा दुसरा काही अर्थ असतो असं मला ग्वेननं सांगितलं. मला तो अर्थ नको होता."

रेनी उठली आणि बाहेर गेली. दार आपोआप मिटणारं होतं, ते फार हळू मिटलं. ओडेटला उठताही येईना, कारण अध्यक्ष अजून विचारत होते, आणखी कुणाचे प्रश्न आहेत का, आणि उत्तर येईपर्यंत साक्षीदारानं बसून राहायचं असतं. ती बसून राहिली. तिच्या मानेवरचे केस मी दोन दिवसांपूर्वीच कापले होते. त्या मानेकडेच मी बघत राहिले.

ओडेट माझ्या शेजारी येऊन बसली आणि मत तिथंच घेतलं. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं आणि प्रत्येकजण हो किंवा नाही म्हणत होता. मला मधे काहीच ऐकू येत नव्हतं, मी दाराकडे बघत होते. शेवटी काही नाही पडले पण हो जास्त पडले. जज मेरिल आमच्या शेजारून बाहेर गेली. ती थांबली नाही. तिला थांबायची मुभा नसावी. पण ओडेटच्या खुर्चीपाशी तिची चाल अडखळली, हे मी पाहिलं.

आम्ही बाहेर आलो तर रेनी कुठंच नाही. जिन्यात नाही, खालच्या उपाहारगृहात नाही. ओडेट बायकांच्या संडासाचं एकेक दार ढकलून बघत होती आणि दर दाराला तिचा चेहरा जास्त पांढरा पडत होता. तिला काय दिसेल असं वाटत होतं ते मला कळत होतं, आणि मलाही तेच वाटत होतं. "त्या वेळी मी खाली गेले नाही," ती पुटपुटत होती. मी तिचा हात धरून तिला पार्किंगकडे अक्षरशः ओढत नेलं. बर्फ पडायला लागलं होतं.

मी गाडीला कुलूप लावत नाही, आमच्याकडे कुणीच लावत नाही. रेनी गाडीत मागच्या सीटवर बसली होती. ओडेटनं काच वाजवायला हात वर केला आणि तसाच ठेवला. मग वाजवली. रेनीनं आतून दार उघडलं नाही, नुसतं पुढच्या सीटकडे बोट दाखवलं.

ओडेट माझ्या शेजारी बसली. मी गाडी काढली. नदीवरचा पूल ओलांडला, ऑगस्टा मागं पडलं. मी रेडिओला हात लावला तर मागून आवाज आला, "नको."

मग रेनी म्हणाली, "मला घरी का नाही सांगितलंस? तिथं, सगळ्यांसमोर?"

"घरी तू मध्ये बोलली असतीस," ओडेट म्हणाली. "आणि मी लगेच तुला काहीतरी खायला दिलं असतं. तिथं कुणाला मध्ये बोलता येत नाही."

मी तोंड मिटून रस्ता बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला हे जमत होतं.

"त्या दिवशी मी वर का आले नाही, माहितीये?" रेनी म्हणाली.

ओडेट मागं वळली नाही. समितीत शिकलेलं तिनं लगेच पाळलं.

"कोर्टाच्या दारात झडती घेतात. माझ्या खिशात एक गोळी होती. एकच. ती फेकायची आणि वर यायचं, एवढंच होतं. मी बसून राहिले. मला फेकता येईना. त्यांनी कोलेट दिली असती तर मी त्याच गाडीतून तिला घरी नेलं असतं, मा."

ओडेटनं तळहात तोंडावर दाबला आणि ती रडायला लागली. तिला रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं, नवऱ्याच्या वेळीसुद्धा नाही. रेनीनं मागून हात पुढं केला नाही. सगळं लगेच सुटतं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं आमच्या गाडीत बसायला हवं होतं.

त्या बुधवारी रेनी आली नाही. ओडेटनं तिचं ताट झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तेच डब्यात भरून शाळेत नेलं. रविवारीही नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी भिंतीपलीकडे मला खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि मग कोलेट म्हणाली, "आई, आज तू वाढतेस?" मी कान लावून उभी होते, हे मी लपवत नाही.

उन्हाळ्यात रेनीनं कोर्टात पुन्हा अर्ज केला. ओडेट त्या समितीपुढं बोलल्यामुळं जज मेरिलनं ते प्रकरण स्वतःकडे ठेवलं नाही, दुसऱ्याकडे दिलं. दुसरा जज कोवळा होता, नुकताच नेमलेला, आणि या कुटुंबातलं त्याला ओ की ठो माहीत नव्हतं. रेनी या खेपेला झडती देऊन वर आली होती, पहिल्या बाकावर, वकिलाच्या शेजारी. मी मागं. खिडकीतून पार्किंग दिसत होतं, पण ओडेट तिकडे बघत नव्हती.

जजनं चष्म्यावरून विचारलं, "पेलेरिनबाई, मुलगी आतापर्यंत आपल्याकडे वाढलीय. ती आईकडे द्यावी या अर्जाच्या आपण..."

"बाजूनं," ओडेट म्हणाली.

जजनं तिला आधी प्रश्न पूर्ण ऐकून घ्यायला सांगितलं.